काँग्रेस गवतावरचे पट्टेरी भुंगे माझ्या सूर्यफुलांवर येतील का? फवारणी थांबवू का?

गच्चीबाग_धायरी
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नमस्कार. रविवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही धायरीत राहतो. इमारतीच्या मागे पाच-सहा गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे. मालक बाहेरगावी, कुंपण तुटलेलं. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिथे काँग्रेस गवत उगवतं, राखीपौर्णिमेपर्यंत कमरेला लागतं आणि गणपती येईस्तोवर सगळा प्लॉट पांढरा होतो. आमच्या ह्यांना त्याची ॲलर्जी आहे, आज अकरा वर्षं. मान, पापण्या, कोपराच्या घडीतली जागा, सगळं लाल होऊन सोलवटतं. ते त्या प्लॉटवर पाऊलही ठेवत नाहीत, तरी होतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्या मागच्या दोन्ही खिडक्या बंद असतात आणि कपडे पुढच्या बाल्कनीत वाळतात. त्यामुळे ह्या गवताशी माझं वैर जुनं आहे.

गेल्या गुरुवारी ओला कचरा खड्ड्यात टाकायला मागे गेले तर कुंपणालगतची झाडं वेगळीच दिसली. पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, शेंडे कुरतडलेले. वाकून बघितलं तर भुंगे. मसुराच्या दाण्यापेक्षा जरासे मोठे, पाठ मळक्या पांढऱ्या रंगाची, तिच्यावर गडद चॉकलेटी उभ्या रेघा, डोकं आणि मान विटकरी. बोट लावलं की पाय दुमडून टपकन खाली पडतात. एका झाडावर मोजले, २३ निघाले. पानांच्या खालच्या बाजूला पिवळी-नारिंगी अंडी, आणि शेंड्यात फिकट पिवळ्या गुबगुबीत अळ्या. इतक्या वर्षांत ह्या गवताला कोणी तोंड लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बकऱ्यासुद्धा वळसा घालून जातात.

मी उत्साहाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तिथेच चुकलं. ग्रुपवर घबराट उडाली. आता सेक्रेटरींनी रविवारी फवारणीवाला बोलावलाय, गवतासाठी तणनाशक आणि किड्यांसाठी कीटकनाशक, एकाच पंपातून दोन्ही.

माझे प्रश्न असे. हे भुंगे नक्की कोणते? गच्चीवर माझी सूर्यफुलाची १४ रोपं आहेत, शेवंतीच्या आठ कुंड्या आहेत, दसऱ्यासाठी झेंडू लावलाय, वांगी आहेत. गवत संपलं की हे वर येतील का? आणि फवारणी थांबवायला सांगायची तर कशाच्या जोरावर सांगू? नुसतं "मला वाटतं" म्हणून कोणी ऐकणार नाही.

सिंहगडरोड_अनिल
१२ ऑगस्ट, सकाळी ९:०२

काकू, तणनाशक नको असेल तर मिठाचं पाणी मारा. लिटरला दोनशे ग्रॅम जाडं मीठ, थोडा साबण, कडक उन्हात फवारायचं. आमच्या गल्लीत दोन वर्षं हेच करतोय, गवत करपतं. किड्यांचं मला माहीत नाही.

जैवकीड_पाषाण
१२ ऑगस्ट, दुपारी १:४५

ताई, रविवारची फवारणी काहीही करून थांबवा. कशाच्या जोरावर ते सांगतो. मी २६ वर्षं एका जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळेत काम केलं आणि हेच भुंगेरे जाळीच्या पिंजऱ्यात वाढवून शेतकऱ्यांना डब्यांतून दिले.

हा मेक्सिकन भुंगेरा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरेटा. मेक्सिको हे त्याचंही माहेर आणि गाजर गवताचंही, म्हणजे तुमच्या काँग्रेस गवताचं. गवत इकडे एकटंच आलं, त्याला खाणारे तिकडेच राहिले, म्हणून ते इथे एवढं माजलं. आपल्या जनावरांना, किड्यांना त्याची कडू चव झेपत नाही. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, तुमच्या यजमानांना जो त्रास होतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. ह्या भुंगेऱ्याला मात्र तेच द्रव्य जेवणाची खूण वाटतं.

तो इथे आपला आपण आलेला नाही. ऑस्ट्रेलियाने तो १९८० मध्ये सोडला होता. आपल्याकडे १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत आणला. सोडण्याआधी २७ कुळांतल्या ४० वनस्पती त्याच्यापुढे ठेवून पाहिल्या, आणि गाजर गवताखेरीज कशावरही त्याचा संसार चालत नाही अशी खात्री झाल्यावर १९८४ च्या पावसाळ्यात मोकळ्या रानात सोडला. पहिली तीन-चार वर्षं फारसं काही दिसलं नाही. १९८८ मध्ये मात्र बंगळूरच्या आसपास गवत उघडंबोडकं पडायला लागलं. त्यानंतर तो माणसांनी नेला, वाऱ्या-पावसात स्वतःही पसरला. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांनी गावोगाव वाटला. तुमच्या प्लॉटवरचे हे त्यांचेच वंशज.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती चुकीची नाही, उलट प्रश्न अगदी नेमका आहे. गाजर गवत नावाला गवत. आहे ते सूर्यफुलाच्याच कुळातलं. शेवंती, झेंडू, झिनिया, कारळे हे सगळे त्याचे भाऊबंद. आणि हा भुंगेरा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, म्हणजे बटाट्याचा सत्यानाश करणारा कोलोराडो भुंगेरा ह्याचा चुलतभाऊ. पण ह्या कुळाचा स्वभाव असा की बहुतेक जण एक वनस्पती किंवा तिची जवळची नाती धरून बसतात, भेटेल ते खात सुटत नाहीत. चुलतभावाने बटाटा-वांगं धरलं म्हणून ह्याने धरलेलं नाही. वांग्यांची काळजी सोडा. शेवंती-झेंडूचीही सोडा. सूर्यफुलाची थोडी गोष्ट आहे, ती सवडीने सांगतो.

आत्ता महत्त्वाचं हे. अंडी चार ते सात दिवसांत फुटतात. अळी आधी शेंड्यातले कोंब खाते, मग पानांवर येते, दहा-पंधरा दिवस खाऊन जमिनीत उतरते आणि तिथे कोष करते. आठ-बारा दिवसांनी नवा भुंगेरा वर येतो. म्हणजे साधारण महिन्याला एक पिढी. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा भराचा काळ. रविवारी फवारलंत तर हे मरतील, गवत मात्र पुढच्या पावसाला बियांतून परत उठेल. एकेका झाडाचं बी हजारांनी असतं आणि ते मातीत काही वर्षं टिकून राहतं.

मिठाबद्दल: करपतं हे खरं आहे, पण मागच्या मातीत उद्या काही लावायचं असेल तर मी मीठ घालणार नाही. आणि भुंगेरे असताना तर अजिबात नाही.

पुरंदर_बागायत
१२ ऑगस्ट, रात्री ९:३०

सरांनी सगळं सांगितलंच आहे. शेतकरी म्हणून थोडं सांगतो. आमच्या बांधावर हे भुंगेरे दर पावसाळ्यात असतात. शेजारी कधी झेंडू, कधी वाटाणा, कधी सूर्यफूल. झेंडूला आजवर एक पान कुरतडलेलं दिसलं नाही. पण बांधावर त्यांनी कितीही खाल्लं तरी जून-जुलैत उगवलेलं पहिलं गवत त्यांच्या आधी फुलोऱ्यावर येतं. उगवल्यापासून महिनाभरात कळी धरतं हो ते. त्यामुळे एकट्या भुंगेऱ्यावर सोडून चालत नाही. आम्ही फुलं यायच्या आत वाटेवरचं उपटून खड्ड्यात कुजवतो आणि आडबाजूचं भुंगेऱ्यांसाठी ठेवतो. गाई चुकून ते गवत खाल्ल्या तर दूध कडसर लागतं, आई लगेच ओळखते.

दवाखाना_नर्स
१३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

गच्चीबाग ताई, मी त्वचाविकारांच्या ओपीडीत काम करते. तुमचे यजमान प्लॉटवर जात नाहीत तरी त्रास होतो ह्यात नवल नाही. सुकलेल्या पानांची भुकटी, झाडावरची बारीक लव आणि पराग हवेतून येतात. म्हणून उघडी राहणारी जागाच धरते: मान, पापण्या, कोपरं. आमच्याकडे पावसाळा संपता संपता हे पेशंट वाढतात. कोणीही उपटायला जाणार असेल तर पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि परत आल्यावर ते कपडे लगेच वेगळे धुवायचे. आणि ह्यांना त्या दिवशी घरातच ठेवा. सुकलेलं गवत जाळायला तर कोणालाही देऊ नका, तो धूर त्यांना सोसणार नाही.

जुनी_पेठ
१३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या लहानपणी सगळे म्हणायचे की हे गवत बहात्तरच्या दुष्काळात मिलोबरोबर आलं. रेशनवर ती लाल ज्वारी मिळायची, सुकडी मिळायची, ते अजून आठवतं. ते खरं आहे का? की त्याआधीच होतं?

जैवकीड_पाषाण
१३ ऑगस्ट, दुपारी १२:०५

त्याआधीच होतं, आणि आपल्याच गावात. भारतातली ह्या वनस्पतीची गाजलेली नोंद पुण्यातली आहे, १९५५-५६ च्या सुमाराची. ती १९५६ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात छापून आली. अमेरिकेच्या पीएल-४८० ह्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सर्रास सांगितलं जातं. तो कायदा १९५४ चा, पण भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे पुण्यात झाडं सापडल्यानंतरचा. अमेरिकी गहू मात्र १९५१ च्या कर्जातूनही येत होता. तेव्हा धान्याबरोबर आलं हे पटण्यासारखं आहे, एकाच कराराला धरून बसणं मला पटत नाही. बहात्तरपर्यंत ते चांगलंच पसरलेलं होतं, लोकांच्या डोळ्यांत तेव्हा भरलं.

गच्चीबाग_धायरी
३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

शनिवारी रात्री मी सेक्रेटरींकडे गेले, जैवकीड सरांचं उत्तर छापून घेऊन. त्यांच्या आईंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "अरे, तो फुकट काम करतोय, त्याला कशाला मारतोस?" फवारणी पुढे ढकलली. मागच्या निम्म्या प्लॉटला हात लावायचा नाही, पुढचं, रस्त्याकडचं गवत कळी धरायच्या आत उपटायचं, असं ठरलं. आम्ही सात जणी आणि दोन मुलगे, दोन रविवार. नर्सताईंनी सांगितलं तसं हातमोजे, रुमाल सगळं. उपटलेल्या झाडांवरचे भुंगे झटकून मागच्या बाजूला सोडले.

पण सूर्यफुलांची शंका मनातून जाईना. म्हणून घरात करून बघितलं. सहा श्रीखंडाचे डबे घेतले, झाकणांना दाभणाने भोकं पाडली, तळाशी ओला कापूस. प्रत्येकात पाच-पाच भुंगे आणि एकेकच पाला: काँग्रेस गवत, सूर्यफूल, शेवंती, झेंडू, वांगं आणि कालव्याकडून आणलेलं शंकेश्वर. रोज सकाळ-संध्याकाळ बघून पोस्टाच्या जुन्या वहीत लिहिलं. मी ३४ वर्षं पोस्टात काउंटरवर होते, नोंद करायची सवय आहे.

पहिल्या संध्याकाळीच काँग्रेस गवताच्या डब्यात नुसत्या शिरा. दोन दिवसांत त्यांना तीनदा पाला घालावा लागला. वांग्याचं पान जसंच्या तसं. झेंडू जसाच्या तसा, भुंगे त्यावर चढतही नव्हते, झाकणाला चिकटून बसलेले. शेवंतीवर दोन खरवडल्याच्या खुणा, तेवढंच. शंकेश्वराच्या पानाला मात्र चार-पाच बारीक भोकं होती. आणि सूर्यफुलाच्या पानाला दुसऱ्या दिवशी कडेने तीन ठिकाणी कुरतडलेलं. बघून पोटात गोळाच आला.

मग अळ्या ठेवून बघितल्या. शेंड्यातल्या लहान अळ्या, पाच सूर्यफुलावर, पाच काँग्रेस गवतावर. गवतावरच्या आठवड्यात टम्म फुगल्या. सूर्यफुलावरच्यांनी कडेचं थोडं खाल्लं, मग हिंडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाचातल्या चार मेलेल्या, पाचवी वाळून गेलेली.

आता सर, मला नीट सांगा. भुंगे सूर्यफूल खातात, पण अळ्या जगत नाहीत, असं समजायचं का? मग तेवढं खाल्लं तरी माझ्या रोपांचं नुकसानच ना? आणि गच्चीवर अजून एकही भुंगा दिसलेला नाही, हेही लिहायला हवं.

जैवकीड_पाषाण
३० ऑगस्ट, रात्री ८:४०

ताई, वहीचं पान वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांना हेच दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हे समजवायला वेळ लागायचा: कीटक एखादं पान चावतो का, आणि त्या पानावर त्याची पिढी वाढते का. तुम्ही दोन्ही वेगळे करून बघितलेत.

त्यात फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. बंद डब्यात दुसरं काही नसलं की भुकेला किडा पाहुण्याच्या ताटात हात घालतोच. म्हणून एकाच डब्यात दोन्ही पानं ठेवून निवड करायला द्यावी लागते. तुम्ही आता एका डब्यात सूर्यफूल आणि गाजर गवत शेजारी शेजारी ठेवा आणि बघा.

आता ती सवडीने सांगायची गोष्ट. १९९१ मध्ये कर्नाटकात काही शेतांत हे भुंगेरे सूर्यफुलाची पानं खाताना दिसले. मोठा गहजब झाला. तेलबियांचं पीक, त्यावर सरकारने परदेशातून आणलेला किडा, लोक घाबरणारच. चौकशी समिती बसली, भुंगेरे सोडण्याचं काम थंडावलं. ज्यांनी तो आणला होता त्याच संस्थेतल्या लोकांनी ह्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. खाल्लेली सूर्यफुलं कुठली? तर ज्यांच्या शेजारी गाजर गवत फुलोऱ्यावर होतं ती. गवताचे पराग वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि भुंगेरे त्या परागाच्या चवीला फसून खाली असलेलं पान कुरतडत होते. पराग पुसलेल्या पानांना ते तोंड लावेनात. १९९३ मध्ये हे रीतसर प्रसिद्ध झालं.

तुमच्या गच्चीवरची रोपं प्लॉटच्या बाजूला असतील तर त्यांच्यावरही पराग पडत असणार. तुम्ही पान कुठल्या कुंडीतलं तोडलंत, ते आठवतंय का?

आणि आमच्या क्षेत्रातले लोक आंधळेपणाने परदेशी किडे सोडतात असा समज असतो, म्हणून हेही सांगतो. ह्याच गवतावर ऑस्ट्रेलियाने एक पतंगही वापरला आहे, त्याची अळी खोडात गाठ करते. तो पतंग बंगळूरला आणला होता. चाचणीत त्याची पिढी कारळ्यावर पूर्ण झाली. आपल्या आदिवासी पट्ट्यातलं पीक, आपल्या ताटातली चटणी. तो इथे सोडला नाही, होते तेवढे नष्ट केले. गवतावर तो कितीही गुणकारी ठरला असता तरी निर्णय योग्यच होता असं मला वाटतं.

गच्चीबाग_धायरी
४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

सर, आठवलं. पान मागच्या कठड्यावरच्या कुंडीतलं होतं. थेट प्लॉटच्या वर.

मग आणखी दोन डबे लावले. एकात पुढच्या बाल्कनीतलं सूर्यफुलाचं पान, नळाखाली धुऊन पुसलेलं. दुसऱ्यात तसंच धुतलेलं पान, पण त्यावर काँग्रेस गवताची फुलं झटकली, पांढरी भुकटी दिसेल एवढी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुतलेल्या पानाला एक बारीक ओरखडा. भुकटीवाल्या पानाला सात भोकं, आणि सगळी जिथे भुकटी पडली होती तिथेच. देठाकडचा भाग, जिथे मी झटकलं नव्हतं, तो कोरा. मी भिंग लावून बघत बसले होते, स्वयंपाकाला उशीर झाला त्या दिवशी.

एकाच डब्यात दोन्ही पानं ठेवली त्यातलं सांगायचं तर सगळे भुंगे गवतावर. सूर्यफुलावर कोणी फिरकलं नाही.

मागच्या कठड्यावरच्या कुंड्या मी पुढे आणल्यात आणि उरलेली पानं फवाऱ्याच्या बाटलीने धुते. बस. एवढाच उपाय लागला.

पुरंदर_बागायत
४ सप्टेंबर, दुपारी २:१०

ताई, तुमच्याकडे भुंगेरे जास्त झाले असतील तर डब्यात गवताच्या पाल्यासकट गोळा करा आणि सकाळच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी सोडा. पाचशे-हजार सोडावेत असं सांगतात, पण शे-दोनशे सोडूनही आमच्या वाडीच्या वाटेवर ते टिकले. एकाच जागी सोडा, पसरून सोडले तर पांगतात. आणि रिकाम्या केलेल्या जागेत टाकळ्याचं बी टाका. पुढच्या पावसात टाकळा दाट उगवला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

सिंहगडरोड_अनिल
४ सप्टेंबर, रात्री १०:०५

काकू, आमच्या गल्लीसाठी एक डबा मिळेल का? मिठाचं काम थांबवलंय. इथे तर एकही भुंगा नाही, बहुतेक आम्हीच मारले असतील.

गच्चीबाग_धायरी
९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गणपती, पितृपक्ष, दसरा, दिवाळी, वेळच झाला नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एकूण १९० भुंगे गोळा केले. एक डबा अनिलला दिला, बाकीचे कालव्याच्या कडेला, शंकेश्वराच्या झुडपांपलीकडे गवताचा दाट पट्टा आहे तिथे सोडले. मागच्या निम्म्या प्लॉटवर भुंग्यांनी काम दाखवलं, पण पूर्ण नाही, ते खरंखुरं लिहायला हवं. पुरंदरच्या दादांनी सांगितलं तसंच, जुलैत वाढलेली मोठी झाडं फुललीच. बुंध्याकडची पानं गेली, शेंडे खुंटले, फुलं कमी आली, पण आली. ऑगस्टच्या शेवटी नव्याने उगवलेली रोपं मात्र वीतभर व्हायच्या आतच संपली. एरवी दिवाळीला मागे पांढरा गालिचा असतो, ह्या वर्षी मधेमधे माती दिसतेय.

ह्यांचा त्रास गेला असं म्हणणार नाही. सप्टेंबरात मान धरलीच. पण मलम दोन वेळचं एक वेळ झालं, आणि ऑक्टोबरच्या वीस तारखेला मागची एक खिडकी उघडली. हे अर्धा तास खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. भुंग्यांमुळे की आम्ही पुढचं उपटलं त्यामुळे, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. सूर्यफुलं १४ च्या १४ फुलली, बी पोपटांनी खाल्लं. झेंडू दसऱ्याला दारावर लागला.

आता भुंगे दिसेनासे झालेत. गेल्या रविवारी मागच्या कोपऱ्यात, पिंपरणीच्या सावलीत, खुरप्याने जरा माती उकरली तर बोटभर खाली तीन सापडले, पाय दुमडून निपचित. मेले असं वाटून तळहातावर घेतले, थोड्या वेळाने एकाने पाय हलवला. परत होते तसे पुरून ठेवले.

सर, म्हणूनच आज लिहितेय. प्लॉटच्या मालकांचा निरोप आलाय, जानेवारीत मुरूम टाकून सपाटी करणार आहेत, जेसीबी येणार. जागा त्यांची, नाही म्हणता येत नाही. त्यांना फोन केला, भले माणूस आहेत, कोपऱ्यातला दहा बाय दहाचा तुकडा जूनपर्यंत तसाच ठेवायला तयार झाले. मी चारी बाजूंनी विटा रोवून दोरी बांधली आहे. तेवढ्यात हे जगतील का, की आत्ताच उकरून दुसरीकडे हलवावेत?

जैवकीड_पाषाण
९ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

हलवू नका. ते झोपलेत, सुप्तावस्थेत. उकरलं की अंगातली साठवण वाया जाते आणि खायला तर बाहेर काही नाही. पावसाच्या पाण्याने माती भिजली की आपोआप वर येतील. त्या तुकड्यावर फक्त दोन गोष्टी सांभाळा: पाणी साचू देऊ नका, आणि मुरमाची गाडी रिकामी करताना ड्रायव्हर दोरी बघणार नाही, त्या दिवशी तिथे स्वतः उभ्या राहा. जूनमध्ये त्या विटांच्या आत उगवलेलं गवत मात्र पहिले तीन आठवडे उपटू नका. वर आल्यावर त्यांना पहिला घास तिथेच लागेल.

गच्चीबाग_धायरी
९ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

उभी राहीन. टाकळ्याचं बी आणून ठेवलंय, ते विटांच्या बाहेर टाकते.